सिंगापूरचा पाळणा

अक्का, परवा तुमचं तेरावं झालं आणि काल आपलं दुकान उघडलं. मिरग तोंडावर आलाय, बियाण्याचं दुकान किती दिवस बंद ठेवणार? कुलूप काढून मी गादीवर बसते न बसते तोच एक म्हातारा पायरीवर आला आणि म्हणाला, “बाई हायेत का?” पंचवीस वर्षांची सवय त्याची. तेराव्याला जेवून गेल्ता बिचारा. आपण काय बोललो ते ध्यानात आलं तसा उपरण्यानं तोंड पुसत तिथंच उभा राहिला. मी म्हणलं, “बसा मामा, मी हाय.”

जावा जावा, उभा दावा म्हणतात. आपला तरी काय कमी होता? तुमचं बोलणं म्हणजे मिरचीचा ठसका आणि माझं तोंड तर जगजाहीर. कालवणात मीठ कुणी जास्त टाकलं यावरून आपण दोन-दोन दिवस अबोला धरलाय. पण एका गोष्टीवरून आपण कधीच भांडलो न्हाई, कारण ती मी तुम्हाला बोललेच न्हाई. मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते. तेही घरात न्हाई, सिंगापूरला, समुद्राच्या वर टांगलेल्या पाळण्यात बसून. आज सांगून टाकते. तुम्हाला ठाऊक असलेलंबी सांगणार आहे, मधीच टोकू नका.

तुमचे मालक गेले तेव्हा आमचे हे जालन्याला कॉलेजात शिकत होते. धाकटा दीर तो, त्याला दुकान कुठून कळणार? कुंभार पिंपळगावातलं चालतं दुकान बंद पडू न्हाई म्हणून मामंजींनी बियाण्याचं लायसन तुमच्या नावानं करून घेतलं. “कागदापुरतं,” म्हणाले. रंगाऱ्यानं पाटीवर लिहिलं, ‘प्रोप्रायटर श्रीमती कावेरीबाई’. आणि कागदापुरतं म्हणता म्हणता तुम्ही गादीवरच जाऊन बसल्या. शिकलेल्या सातवी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायच्या, काही दिवसांनी उलगडून मोड मोजायच्या, आणि मोड कमी दिसले की तो माल विकायचा न्हाई म्हणजे न्हाई, कंपनीचा माणूस कितीबी बोंबलू दे. म्हणून तर बाजाराला आलेला माणूस आधी विचारायचा, बाई हायेत का. ह्यांचं कॉलेज तुम्ही केलं, आमचं लग्नबी तुम्हीच केलं. मंग हे गादीवर बसायला लागले तशा तुम्ही आत सरकल्या. आधी मागच्या गोदामात, मंग स्वयंपाकघरात. कुणी ढकललं न्हाई. असंच असतं असं सगळ्यांना वाटलं, मलाबी. पाटी तेवढी तीच राहिली, रंग उडाला तरी.

आणि मंग ते पत्र आलं. त्या साली कपाशीचं बियाणं आपल्या दुकानातून इतकं गेल्तं, की कंपनीनं सहल लावली. सिंगापूर! विमानानं! पत्रावर नाव श्रीमती कावेरीबाई. आमचे हे खुशीत म्हणाले, “नाव वहिनीचं, विमान माझं.” पण कंपनीचा माणूस म्हणाला, तसं न्हाई चालत, लायसन ज्याचं त्यानंच यायचं, संगं घरचं एक माणूस. तुम्ही भाकरी थापून राह्यल्या होत्या. परातीवरची मान वर न करता म्हणाल्या, “मंग मी जाते. सुमनला घेते संगं.”

मामंजींच्या तोंडातली सुपारी दाढेखालीच थांबली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ह्यांनी मला खोलीत बोलावलं. हातात स्टॅम्पपेपर, त्यावर टाईप केलेलं, की मी स्वखुशीनं लायसन माझ्या दिराच्या नावे करून देते. तुमचे बदनापूरचे भाऊ त्या वर्षी लई चकरा मारून राह्यले होते ना, ह्यांच्या डोक्यात बसलं की ते बहिणीला भुलवतील आणि लायसन तिकडं नेतील. “उद्या दुकान हातचं गेलं तर लेकरांनी काय करायचं?” म्हणाले. “फिरायला गेलं की माणसाचं मन मोठं होतं. खुशीत असतील तेव्हा सही घे. मी मागणं बरं दिसत न्हाई.” त्या कागदाची घडी आणि एक नवा निळा पेन माझ्या तपकिरी पर्सच्या आतल्या कप्प्यात त्यांनी स्वतः ठेवला. त्यांना वाईट समजू नका, अक्का. भ्यालेला माणूस काय वाट्टेल ते करतो. आणि मी तरी कुठं न्हाई म्हणलं? दुकान आपल्या नावावर व्हावं असं मलाबी वाटत होतं. पासपोर्ट, आवळासुपारी, कागद आणि पेन घेऊन मी तुमच्या मागं विमानात चढले.

विमानात तुम्ही मला खिडकी दिली न्हाई. पुऱ्या रस्त्यात नाक काचेला लावून बसल्या. उतरायच्या आधी पोरीनं छापील चिठ्ठ्या वाटल्या, त्या भरल्याबिगर तिथं आत घेत न्हाईत म्हणे. मी दोघींच्या भरल्या, तुम्ही जीभ दातात धरून तुमची सही केली. पायात नवे पांढरे बूट, अंगावर इरकल, आणि पिशवीत पंचवीस धपाटे. तिथल्या तपासणीच्या माणसानं पिशवी उघडली, तर तुम्ही त्यालाच एक धपाटा काढून देऊन राह्यल्या होत्या. मी हात धरला म्हणून बरं.

बाहेर आल्यावर सगळ्यांना बिल्ले लावले. तुमच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली ‘डीलर’. माझ्यावर नुसतं ‘सोबत’. आपल्या जिल्ह्याची तीसेक माणसं होती, त्यात डीलर सगळे बाप्ये आणि त्यांच्या बायका सोबत. एकट्या तुम्हीच उलट्या. मीना नावाची गाईड होती, मूळची तमिळ, मोडकं हिंदी बोलायची. तिनं बसमधे हजेरी घेतली, “कावेरी मॅडम!” तुम्ही शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला आणि म्हणाल्या, “हजर!” सगळी बस हसली. मला मात्र कसंसंच झालं. लग्नाला दहा वर्षं झाली होती माझ्या, आणि तुमचं नाव घेऊन कुणी हाक मारलेली मी तोवर ऐकलीच नव्हती. अक्का, वहिनी, सूनबाई, बाई. नाव फक्त पाटीवर.

पहिल्या दिवशी तो सिंह दाखवला. डोकं सिंहाचं, धड माशाचं, पांढराशुभ्र, नदी समुद्राला मिळते तिथं उभा, आणि तोंडातून पाण्याची ही मोठी धार. बाकीचे फोटो काढायला पळाले. तुम्ही चपलेसारखे पायातले बूट काढून ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. गोमुख असतं तसं हे सिंहमुख, म्हणाल्या. वाऱ्यानं तुषार कठड्यावर येऊन राह्यले होते, तुम्ही ओंजळ पुढं केली आणि तीर्थ घेतलं. ते बघून आपल्या बसमधल्या मंठ्याच्या काकूंनी घेतलं, त्यांच्या मालकांनी घेतलं, आणि बघता बघता जालना जिल्ह्याची सगळी रांग बूट-चपला काढून त्या सिंहापुढं उभी! मीना धावत आली, “नो नो, ये भगवान नहीं है, ये शहर का निशान है!” तोवर तुम्ही थू थू करून राह्यल्या होत्या. “खारट हाय गं!” पण हात काही सोडले न्हाईत. मला म्हणाल्या, “असू दे. पाणी सोडून राह्यला ना, मंग हात जोडायला काय जातंय?”

खरं तर सही मागायची तीच वेळ होती. तुम्ही इतक्या खुशीत होत्या. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

दुसऱ्या दिवशी पाखरांच्या बागेत बाकावर बसलो. समोर लालभडक बगळ्यांचं तळं. मी घसा खाकरून म्हणलं, “अक्का, एक काम होतं.” तुम्ही म्हणाल्या, “थांब, ते बघ, ते एका पायावर झोपलंय.” मी थांबले. ते पाखरू काही उठलं न्हाई आणि माझं काम काही निघालं न्हाई. तिसऱ्या दिवशी फुलांच्या बागेत नेलं. एकेक फूल असं की बघत राहावं, आणि तुम्ही मीनाच्या मागं लागल्या, “बी कुठंय याचं? बी दाखवा.” ती म्हणाली, याचं बी धुळीएवढं बारीक असतं, बाटलीत रुजवतात. तुम्ही बाकावर बसून गेल्या. “धुळीएवढं! आन त्याला मोड कसे मोजत असतील गं?” मीनानं मंग नावेतून नदी दाखवली, आणि सांगितलं की या शहराला पिण्याचं पाणी पुरत न्हाई, शेजारच्या देशातून पाईपानं विकत आणतात. तुम्ही पुरत्या संतापल्या. “विकत आणतेत आन फवारे उडवतेत? आमच्याकडं टँकर आला की बायकांची डोकी फुटतेत!” त्या बिचाऱ्या मीनाला असं रागावल्या, जसं काही तिनंच नळ चालू ठेवला होता. मी हसत होते पण ध्यान पर्सकडं. खांद्याला लावायची पर्स मी पोटाशी धरून फिरत होते. तुम्ही विचारलंबी एकदा, “पोट दुखून राह्यलं का तुझं?”

आणि मंग शेवटचा दिवस. डोंगरावरून एक जाड तार निघते, बंदर ओलांडून समोरच्या बेटावर जाते, आणि त्या तारेला काचेचे डबे टांगलेले. आपल्या लोकांनी त्याला पाळणाच म्हणायचं ठरवलं. सगळे जोडीजोडीनं चढले, शेवटी आपण दोघी उरलो, तर एक अख्खा डबा आपल्यालाच. दार लागलं, डबा हिसका देऊन सुटला आणि पायाखालची जमीन गेली. अक्का, मी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसत न्हाई! खाली नुसतं पाणी. तुम्ही माझा हात घट्ट धरला. “खाली बघू नको. माझ्याकडं बघ. आवळासुपारी काढ, तोंडात टाक.”

मी पर्स उघडली, आवळासुपारीची पुडी ओढली, आणि तिच्यासंगं तो कागद बाहेर आला. पडला तो बराबर तुमच्या पांढऱ्या बुटांवर.

तुम्ही वाकून उचलला. उघडला. तुमची वाचायची तऱ्हा, ओठ हलवत, एकेक शब्द. खालून एक भलंमोठं पांढरं जहाज चाललं होतं. मला वाटलं दार उघडून त्याच्यावर उडी टाकावी.

“भाऊजीनं दिला?”

मी मान हलवली.

“घरून घेऊन फिरून राह्यली?”

“हो.”

“त्या सिंहापशी बी होता?”

“होता.”

“पाखरांच्या बागेत?”

“होता, अक्का.”

“तरीच,” तुम्ही म्हणाल्या. “तरीच तुझं कशात ध्यान न्हाई. एवढं सोन्यासारखं शहर, आन तू आपली पर्स धरून बसलेली.” तुम्ही रागावल्या न्हाई. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्हाला माझी कीव आली, ते लई लागलं.

मंग तुम्ही कागद मांडीवर सरळ केला, हात पुढं केला आणि म्हणाल्या, “पेन हाय का?”

इतक्या साध्या आवाजात. मीठ हाय का विचारावं तसं. तुमच्या छातीवर तो बिल्ला होता, तुम्ही रोज पदरानं पुसायच्या तो, ‘डीलर’. मी काही लई थोर बाई न्हाई, अक्का. माझ्या मनात काही मोठा विचार आला असं मी आज सांगितलं तर ते दुसरं खोटं होईल. एवढंच आलं, की हिनं इथं सही केली तर पलीकडं उतरल्यावर ही कोण? मीनानं हाक मारली की ही काय म्हणून हात वर करणार? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “न्हाई.”

“न्हाई?”

“न्हाई अक्का. घरीच राह्यला.”

तुम्ही माझ्याकडं बघितलं. कागदाची घडी घातली, माझ्या पर्समधे टाकली आणि म्हणाल्या, “मंग राहू दे. आता तरी बंदर बघ. परत कोण आणणारंय?”

मी बघितलं. त्या शहरात येऊन पाच दिवस झाले होते आणि मी ते पहिल्यांदा बघितलं. उंच उंच क्रेना, रंगीत लोखंडी डब्यांच्या थप्प्या, आणि लांब क्षितिजापर्यंत जहाजंच जहाजं, बाजाराच्या दिवशी गावाबाहेर बैलगाड्या सुटतात तशी उभी. तुम्ही म्हणाल्या, “एवढ्या डब्यांत काय असल गं? कुणाचं तरी बियाणं बी असल.” बेटावर उतरेपर्यंत आपण हात सोडला न्हाई. उतरल्यावर मंठ्याच्या काकू म्हणाल्या, दोघी रडल्या की काय? तुम्ही म्हणाल्या, “वारं लई हाय वर.”

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं. मी म्हणलं, विचारलंच न्हाई मी, आणि विचारणारबी न्हाई. पंधरा दिवस बोलले न्हाईत माझ्याशी. कागद मी न्हाणीच्या चुलीत घातला. आणि तुम्ही काय केलं? पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच आंघोळ केली, इरकल नेसल्या, बिल्ला लावला आणि जाऊन गादीवर बसल्या! आमचे हे दारात उभे. तुम्ही गोडीत म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही जरा गोदामाचं बघा.” आणि हे गेले की! मुकाट्यानं गेले. त्यानंतर महिनाभर गिऱ्हाइकांना सिंगापूरच्या कथा. पाणी विकत आणणारे लोक, धुळीएवढं बी, खारट तीर्थ. दर बाजाराला तो सिंह दोन हात उंच व्हायचा.

आठ-नऊ वर्षं गेली. तुमचे गुडघे धरले, गादीवरून उठताना खांबाचा आधार लागायला लागला. एक दिवस तुम्ही म्हणाल्या, “सुमन, जालन्याला चल. लायसनवरचं नाव बदलायचंय.” मला वाटलं, चला, शेवटी झालं ह्यांच्या मनासारखं. ह्यांनी तर तोवर त्याचा नादच सोडला होता. उलट म्हणाले, राहू द्या वहिनी, तुमचंच शोभतं. तुम्ही ऐकलं न्हाई.

कचेरीत साहेबांच्या टेबलावर तुम्ही अर्ज ठेवला. मी वाकून बघितलं तर नाव माझं. सुमन. मी म्हणलं, “अक्का, हे काय?” तुम्ही म्हणाल्या, “बाईचं नाव असलं म्हणजे बरं असतंय. सहल लागली तर बाईलाच जावं लागतं, कुणी काय करू शकत न्हाई.” साहेब हसले. म्हणाले, “करा सही आजी.” आणि टेबलावर पेन शोधायला लागले.

तुम्ही म्हणाल्या, “राहू द्या साहेब. हिच्याजवळ असतोय. त्या तपकिरी पर्सच्या आतल्या कप्प्यात बघा.”

माझे कान तापले. हात आत घातला, तर होता. गावाला जातानाच काढायची ती पर्स मी, कप्पा कधी रिकामा केलाच नव्हता. निळा पेन. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, विमानातली ती चिठ्ठी! त्याच पेनानं भरली होती मी, त्याच पेनानं तुम्ही सही केल्ती, आणि पेन परत करताना तो कुठं जातो ते शेजारी बसून बघितलं होतं. म्हणजे पाळण्यात तुम्ही हात पुढं केला, तेव्हा तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

दोन रेघा ओढल्या तरी शाई उतरेना. तुम्ही तोंडाशी धरून वाफ दिली, तिसऱ्यांदा उतरली. तुम्ही जीभ दातात धरून सही केली, पेन मला परत दिला, आणि माझ्याकडं बघून इतकंसं हसल्या. बाहेर येऊन आपण उसाचा रस प्यालो. तुम्ही उसाचा भाव विचारला, बर्फ कमी टाक म्हणल्या, गुडघ्याला शिव्या दिल्या. मी विचारणार होते. एसटीत बसल्यावर विचारू म्हणलं, तर तुम्ही खांद्यावर डोकं टाकून झोपून गेल्या. मंग घरी गेल्यावर, मंग सणावाराला, मंग दवाखान्यात. राहिलंच.

मला तुमचा राग येतो, अक्का. पेन दिला असता तर तुम्ही खरंच सही करणार होत्या का? का माझी परीक्षा घेऊन राह्यल्या होत्या, दाण्याची घेता तशी, मोड येतो का बघायला? आणि मी पेन काढला असता तर? या ‘तर’नं मला रात्रंदिवस धरलंय, आणि सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होत्या.

आज रंगारी आल्ता. पाटीवरचं नाव बदलायचं का म्हणून ह्यांना विचारत होता. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणलं, कावेरीबाईंचं नाव वरच राहू दे, नवा रंग दे त्याला. माझं खाली लिही, बारीक. तो म्हणाला, बाई, नाव या कागदावर लिहून द्या, चूक व्हायला नको. मी पर्स काढली.

पेन होता, अक्का. त्या दिवशी पाळण्यात माझ्याजवळ पेन होता.